तेरचं लामतुरे संग्रहालय एका दिवसात नीट कसं पाहावं

तेरला जाणारा माणूस सहसा संत गोरोबाकाकांच्या दर्शनाला जातो आणि वेळ उरला तर संग्रहालयात डोकावतो. काचेमागे ओळीनं मांडलेले मणी, मातीची इवली डोकी, काळवंडलेली नाणी बघतो आणि ‘बरंच जुनं आहे हो’ म्हणत अर्ध्या तासात बाहेर पडतो. यात पाहुण्याची चूक फारशी नाही. इथल्या पुष्कळ वस्तू बोटाच्या पेराएवढ्या आहेत. त्या ज्या जमिनीतून निघाल्या ती जमीन संग्रहालयाच्या भिंतीबाहेर, चालत जाण्याच्या अंतरावर पडलेली आहे आणि तिच्याकडे कुणी बोट दाखवत नाही. म्हणून हे संग्रहालय गावासकट पाहायचं. खालचा क्रम त्याच हिशोबानं लावला आहे.

निघण्याआधी एवढं वाचून जा

धाराशिव तालुक्यातलं, तेरणा नदीकाठचं तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेलं ‘पेरिप्लस’ नावाचं एक व्यापारी वर्णन आहे. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठं नगर, असं त्यात म्हटलं आहे. पैठणहून ऑनिक्स दगड, तर तगरहून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला जायची. पुढे दुसऱ्या शतकातल्या टॉलेमी या ग्रीक अभ्यासकाच्या भूगोलातही तगर येतं. त्यानंतर कित्येक शतकांनी कोकणात आणि कोल्हापूरकडे राज्य करणारे शिलाहार स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत राहिले. हे तगर नेमकं कुठलं यावर एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. १९०१ मध्ये शिलालेख-ताम्रपटांचे अभ्यासक फ्लीट यांनी ते तेरच असल्याचं मांडलं. त्याच सुमारास पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांनी इथल्या विटांच्या देवळांची पाहणी केली आणि तेर अभ्यासकांच्या नकाशावर आलं.

दुसरी गोष्ट पांढरीची. जुनी वस्ती शतकानुशतकं एकाच जागी राहिली की पडलेल्या भिंती, राख, शेण, खापरं यांचे थर साचून टेकाड तयार होतं. मराठवाड्यात त्याला पांढरी किंवा पांढरीचं टेकाड म्हणतात. शेतातल्या काळ्या मातीपुढे ही माती राखेमुळे फिकी दिसते. धाब्याच्या घरांच्या छतावर घालायला हीच माती उत्तम, म्हणून लोक ती पिढ्यानपिढ्या खणून नेत आले. ती खणताना मणी, नाणी, बाहुल्या निघायच्या. पावसाळ्यात जमीन धुपली की आपोआप वर यायच्या. तेरमध्ये अशी अनेक टेकाडं आहेत. कोट टेकडी आणि बैराग टेकडी ही त्यांतली नावं गावात कुणीही सांगेल.

रामलिंगप्पा लामतुरे तेरचेच. लोकांच्या लेखी कचरा असलेल्या या वस्तू त्यांनी वर्षानुवर्षं जमवल्या, आणि त्यांच्या हजारो वस्तूंच्या संग्रहातून हे संग्रहालय उभं राहिलं. आज ते राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे.

इथे एक भेद आत जाण्याआधीच मनात पक्का करायला हवा. तेरला अनेकदा शास्त्रीय उत्खननंही झाली आहेत. उत्खननात मिळालेल्या वस्तूचा थर माहीत असतो: ती कोणत्या जमिनीवर होती, वर काय, खाली काय, शेजारी कोणती खापरं. शेतात उचललेल्या वस्तूला हा शेजार नसतो. तिचा काळ घडण आणि शैली यांवरून, उत्खननात सापडलेल्या तशाच वस्तूंशी ताडून ठरवावा लागतो. दोन्ही प्रकारच्या वस्तू एकाच काचेमागे असू शकतात. पाटीवर ‘सातवाहन काळ’ दिसलं की तो थरावरून आलेला आहे की शैलीवरून, हा प्रश्न विचारायचा. त्यामुळे वस्तू कमी मोलाची ठरत नाही, तिच्यावर किती भार टाकायचा ते कळतं.

पायरी १: दिवस निवडणं

राज्याच्या संग्रहालयांना सहसा सोमवारी सुट्टी असते, शिवाय सरकारी सुट्ट्या वेगळ्या. लहान संग्रहालयात आणखी एक अडचण असते. रंगकाम, विजेचं काम, नवी मांडणी, कर्मचारी बैठकीला गेलेले, अशा कारणांनी एखादं दालन बंद असू शकतं. आदल्या दिवशी फोन करा आणि ‘उघडं आहे का’ एवढंच न विचारता ‘सगळी दालनं उघडी आहेत का’ असं विचारा. या दोन प्रश्नांची उत्तरं वेगळी येऊ शकतात.

चैत्र वद्य त्रयोदशीला गोरोबाकाकांची पुण्यतिथी असते. त्या दिवसांतली यात्रा अवश्य पाहा, पण संग्रहालयासाठी तो मुहूर्त टाळा. गाडी लावायला जागा मिळत नाही आणि देवळांचं बांधकाम निवांत बघता येत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी टेकाडावर उभं राहवत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये काळी माती बुटाला अशी चिकटते की दहा पावलांत पाय जड होतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात सोयीचा काळ. त्यातही साधा वार निवडलात तर कर्मचाऱ्यांना तुमच्याशी बोलायला वेळ असतो.

पायरी २: पोचणं

धाराशिवहून तेर साधारण वीस किलोमीटर. लातूरकडून येणारे ढोकीवरून आत वळतात. जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं असलं तरी जुन्या नकाशांत, पाट्यांवर आणि पुस्तकांत उस्मानाबाद सापडेल. शोधताना दोन्ही नावं टाकून बघा. एसटीनं जात असाल तर तेरला उतरल्यावर चहाच्या आधी परतीची शेवटची गाडी किती वाजता ते विचारून घ्या. स्थानकावरच्या फलकापेक्षा तिथला चहावाला किंवा वाहक नेमकं सांगतो.

पायरी ३: पिशवीत काय असावं

वही चौकटीची घ्या आणि शिसपेन्सिल. अनेक संग्रहालयांत दालनात शाईचं पेन चालत नाही, कारण एक थेंब उडाला तर निघत नाही. भिंग घेऊन जायचा मोह होतो, पण दहापट मोठं दाखवणारं भिंग वस्तूपासून जेमतेम अडीच सेंटिमीटरवर धरावं लागतं. काचेच्या पेटीत वस्तू त्यापेक्षा कितीतरी आत असते, म्हणून तिथे भिंग कुचकामी. त्यापेक्षा फोनचा कॅमेरा दोन-तीनपट झूम करून पडद्यावर बघा. मण्याचं भोक आणि नाण्यावरचं चिन्ह त्यात बरं दिसतं. फोटो काढायचा नसेल तरी हे करता येतं. मात्र दारातच परवानगी विचारून घ्या, नाहीतर फोन उगारलेला पाहून पहारेकरी धावत येईल आणि त्याचं बरोबरच असेल.

एक काळा रुमाल ठेवा. काचेवर खिडकीचा उजेड चमकत असेल तर तो आपल्या पाठीमागे पडद्यासारखा धरला की चमक जाते. बाकी पाणी, टोपी, सहज काढता-घालता येतील अशा चपला आणि सुटे पैसे.

पायरी ४: सकाळी आधी त्रिविक्रम

संग्रहालय उघडण्याआधीचा तासभर त्रिविक्रम मंदिराला द्या. महाराष्ट्रात आजही उभ्या असलेल्या सगळ्यात जुन्या बांधीव वास्तूंपैकी ही एक. बहुतेक अभ्यासक ती मुळात बौद्ध चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनागृह, मानतात. पुढे तिचं विष्णुमंदिर झालं. विटांनी बांधलेलं, मागे अर्धगोल आणि वर हत्तीच्या पाठीसारखं छप्पर असलेलं असं चैत्यगृह उभं राहिल्याची उदाहरणं देशात फारच थोडी आहेत. आंध्रातल्या चेजर्लाचं कपोतेश्वर मंदिर हे दुसरं नेहमी सांगितलं जाणारं.

समोरून थेट गाभाऱ्यात शिरलात तर यातलं काहीच दिसत नाही, कारण पुढचा सपाट छताचा मंडप नंतर जोडलेला आहे. म्हणून असं करा:

१. आत न जाता देवळाला वळसा घालून मागे या. भिंत कोपरा न करता गोल फिरते ते बघा. कार्ला, भाजे इथली चैत्यगृहं पाहिली असतील तर त्यांचा मागचा भाग आठवा. तिथे तो डोंगरात कोरला आहे, इथे तोच आकार विटांनी मोकळ्यावर उभा केला आहे.

२. बाजूला येऊन जुना भाग आणि मंडप जिथे मिळतात तो सांधा शोधा. उंची बदलते, छताची रेघ तुटते.

३. पुढे येऊन जरा लांब उभे राहा आणि मंडपाच्या छताच्या वर बघा. मूळ वास्तूचं कमानदार कपाळ तिथून दिसतं.

४. मग चपला काढून आत जा. त्रिविक्रमाची मूर्ती पाहा. देऊळ नांदतं आहे, पूजा चालू असेल तर थांबा, गाभाऱ्याचा फोटो विचारल्याशिवाय नको.

उत्तरेश्वराचं देऊळही विटांचंच. त्याच्या विटा घडवून, कोरून बसवलेल्या आहेत. ते पाहून ठेवा, कारण त्याची लाकडी चौकट तुम्हाला संग्रहालयात भेटणार आहे. इथली वीट पाण्यावर तरंगते असं गावात ऐकायला मिळेल. मातीत भाताचा तूस मिसळला की भट्टीत तो जळून जातो, आत बारीक पोकळ्या उरतात आणि वीट हलकी होते. तरंगण्यामागचं कारण हेच. प्रयोग करून पाहण्यासाठी देवळाची वीट मात्र उपटू नका. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

पायरी ५: संग्रहालयात पहिली फेरी, कुठेही न थांबता

दहा-पंधरा मिनिटांत सगळी दालनं फिरून या. पाटी वाचू नका. फक्त कुठे दगडी मूर्ती, कुठे माती, कुठे मणी, कुठे नाणी हे डोक्यात बसवा. लहान संग्रहालयात लोक पहिल्याच काचेपाशी अर्धा तास उभे राहतात, प्रत्येक मणी बघतात, आणि शेवटच्या दालनातल्या सर्वांत महत्त्वाच्या वस्तूपर्यंत पोचेतो त्यांचे पाय आणि डोळे दोन्ही गेलेले असतात.

फेरी संपली की पाच गोष्टी निवडा. आम्ही पुढच्या निवडल्या असत्या.

पायरी ६: दुसरी फेरी, पाच गोष्टींसाठी दीड-दोन तास

*मातीच्या बाहुल्या.* तेरची खरी श्रीमंती इथे आहे. सातवाहन काळात, म्हणजे ढोबळमानानं इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत, दख्खनमध्ये दुहेरी साच्यातून पोकळ मूर्ती काढण्याचं तंत्र फार चांगलं अवगत होतं. पुढचा आणि मागचा असे दोन साचे. दोन्हींत मातीचा पातळ थर दाबायचा, सुकून थोडा सुटला की दोन्ही अर्धी पातळ चिखलानं जोडायची, सांधा पुसायचा, मग भाजायचं. आत हवा कोंडली तर भट्टीत मूर्ती फुटते, म्हणून कुठेतरी एक भोक ठेवायचं.

आता हे शोधा. मूर्तीच्या बाजूनं, कानापासून खांद्यावरून खाली येणारी सांध्याची रेघ बघा. समोरून ती दिसणार नाही, काचेच्या कडेला जाऊन तिरपं बघावं लागतं. मग भोक शोधा. एखादी मूर्ती फुटलेली असेल तर ती सर्वांत आधी बघा, कारण तिच्यात आतली पोकळी, भिंतीची जाडी, कारागिराच्या बोटांचे ठसे दिसतात. अखंड मूर्ती हे काही दाखवत नाही. काही बाहुल्या लाल मातीच्या ऐवजी पांढऱ्या केओलिन मातीच्या आहेत. ही माती अतिशय बारीक कणांची, म्हणून तिच्यात केसांची बट, कानातलं, कपाळावरचा दागिना सुद्धा स्पष्ट उठतो. केशरचना तुलनेनं बघा. एकाच साच्यातून निघालेल्या दोन मूर्ती सापडल्या तर त्यांतली नंतरची ओळखता येते: साचा वापरून झिजतो, तपशील बोथट होतात.

*हस्तिदंती स्त्रीमूर्ती.* तेरचं नाव जगभरच्या अभ्यासकांना माहीत आहे ते बरंचसं या बोटभर मूर्तीमुळे. १९३८ मध्ये इटलीत पाँपेईच्या उत्खननात एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. पाँपेई इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडलं गेलं, म्हणजे मूर्ती त्याआधी तिथे पोचलेली असणार. ती भारतात कुठे घडली याचा शोध घेताना जवळचं साम्य दिसलं ते तेर आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या मूर्तींशी. पाँपेईच्या मूर्तीला डोक्यातून खाली जाणारं भोक आहे, म्हणून ती आरशाची मूठ किंवा एखाद्या छोट्या तिवईचा पाय असावी असा तर्क आहे. तेरची मूर्ती पाहताना हेच तपासा: भोक आहे का, असेल तर कुठून कुठवर, आणि मागची बाजू पुढच्याइतकी कोरली आहे का. चहूबाजूंनी कोरलेली वस्तू हातात फिरवण्यासाठी केलेली असते, भिंतीला टेकवण्यासाठी नसते. समोर आहे ती मूळ मूर्ती की प्रतिकृती, हे विचारायला संकोच नको. मौल्यवान वस्तू सुरक्षेसाठी आत ठेवून प्रतिकृती मांडण्याची पद्धत सगळीकडेच आहे.

*रोमन धाटणीच्या वस्तू.* इथे सर्वाधिक गोंधळ होतो. ‘रोमन’ शब्द दिसला की लोक समजतात वस्तू रोमहून आली. तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. काही वस्तू खरोखर भूमध्य समुद्राकडून आल्या, उदाहरणार्थ मद्य किंवा तेल वाहून आणणारे दोन कानांचे लांबट रांजण, ज्यांना अँफोरा म्हणतात. काही इथेच बनल्या पण तिकडचा नमुना समोर ठेवून, जशा रोमन नाण्याचा छाप घेतलेल्या मातीच्या चकत्या, म्हणजे बुले. त्यांना वर कडी किंवा भोक असतं, त्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालायच्या. नाण्याचं सोनं परवडत नसेल पण चेहरा मिरवायचा असेल तर हा सोपा मार्ग. आणि तिसऱ्या वस्तूंना फक्त पाटी लिहिणाऱ्याला साम्य वाटलं म्हणून रोमन म्हटलेलं असतं. चकतीची कडी शोधा. ती सापडली की नाणं आणि दागिना यांतला फरक मुलांनाही लगेच कळतो.

*मणी.* अकीक, कार्नेलियन, काच, शंख, हस्तिदंत. रंगात रमू नका, भोक बघा. कठीण दगडाला दोन्ही टोकांनी भोक पाडत मध्यावर गाठायचं असे. दोन्ही वाटा थोड्या चुकल्या तर मध्ये पायरी राहते. फुटलेल्या मण्यात ती स्पष्ट दिसते. कार्नेलियनचा गडद लाल रंग अनेकदा दगड तापवून आणलेला असतो. लाल मण्यावर पांढऱ्या रेघा असतील तर त्या रंगवलेल्या नाहीत: क्षारयुक्त लेप लावून तापवल्यावर त्या कायमच्या उमटतात. अर्धवट घडलेले, भोक न पाडलेले मणी मांडलेले असतील तर तिथे जास्त वेळ थांबा. तयार माल विकत आणता येतो, अर्धवट माल मात्र गावात कारखाना असल्याचं सांगतो.

*उत्तरेश्वराची लाकडी चौकट.* वाळवी, ऊन, पाऊस यांतून इतकं जुनं कोरीव लाकूड मराठवाड्यात टिकणं हीच विशेष गोष्ट. आधी लांबून पूर्ण चौकट बघा, मग एका उभ्या पट्टीवर खालून वर नजर न्या. दगडी देवळांच्या द्वारशाखा, म्हणजे दाराच्या चौकटीच्या कोरीव उभ्या पट्ट्या, पाहायची सवय असेल तर सुताराची कल्पना दगडात कशी उतरली ते इथे कळू लागतं. कुठे सांधे आहेत, कुठे नंतर तुकडा बसवला आहे, हेही शोधा.

बाकी वस्तू पटापट. काळी-लाल भांडी दिसतील: आतून आणि काठाला काळी, बाहेरून लाल. याचं सर्वमान्य कारण म्हणजे भांडं भट्टीत पालथं घालून भाजणं. आत हवा पोचत नाही तो भाग काळा राहतो, बाहेर पोचते तो लाल होतो. सातवाहन नाण्यांवर सोंड वर केलेला हत्ती आणि अधिकाच्या चिन्हाला चार टोकांना चार वर्तुळं असलेलं तथाकथित उज्जैन चिन्ह शोधा. शिशाची नाणी पांढुरकी, तांब्याची हिरवट दिसतात. चार बुटक्या पायांचा दगडी पाटा दिसला तर स्वयंपाकघरातल्या पाट्याशी ताडून बघा, ओळख पटते.

पायरी ७: टिपण कसं घ्यावं

प्रत्येक निवडलेल्या वस्तूसाठी चार ओळी पुरेत: काय आहे, कशाची, किती मोठी, आणि वस्तूवर किंवा पाटीवर लिहिलेला नोंदणी क्रमांक. क्रमांकाविना टिपण पुढे कामाला येत नाही. कुणाला विचारायचं झालं तर ‘तिसऱ्या कपाटातला मणी’ म्हणून चालत नाही, कारण मांडणी बदलली की तिसरं कपाटच राहत नाही. मोजमापासाठी वहीच्या चौकटी वापरा. आकार जितका दिसतो तितका काढा. काचेमागच्या वस्तूच्या आकाराचा अंदाज चुकू शकतो, म्हणून पाटीवर माप असेल तर तेच घ्या. चित्र वाईट आलं तरी काढा. सांध्याची रेघ वहीत काढायची झाली की ती डोळ्यांना आपोआप सापडते.

पायरी ८: माणसांशी बोलणं

लहान संग्रहालयातली उत्तम पाटी म्हणजे तिथला परिचर किंवा पहारेकरी. तो बहुधा गावचा, आजूबाजूचा असतो. आल्याआल्या प्रश्नांची सरबत्ती करू नका. पहिली फेरी झाल्यावर, तुम्ही दुसऱ्यांदा त्याच काचेपाशी आलात हे त्याला दिसतं, तेव्हा तो स्वतःच बोलतो. ‘दादा, ही कुठल्या टेकडीवर मिळाली?’ हा प्रश्न ‘ही किती जुनी?’ यापेक्षा बरा, कारण पहिल्याचं उत्तर तो स्वतःच्या माहितीतून देतो, दुसऱ्याचं पाटी वाचून. ऐकलेलं आणि पाटीवरचं वहीत वेगवेगळं लिहा.

अभ्यास किंवा शोधनिबंधासाठी जाणाऱ्यांनी सहाय्यक अभिरक्षकांना आधी लेखी अर्ज करावा. विषय, हव्या त्या वस्तूंचा प्रकार, तारीख, फोटो हवेत का, ओळखपत्राची प्रत. कपाट उघडून दाखवायला किंवा राखीव साठा बघायला वरिष्ठ कार्यालयाची परवानगी लागू शकते, ती दारात उभं राहून मिळत नाही.

शाळेची सहल असेल तर शाळेच्या कागदावर पत्र आधी पाठवा आणि चाळीस मुलं एकदम आत सोडू नका. दहा-दहाचे गट करा. एक गट आत, बाकीचे त्रिविक्रमाकडे, मग अदलाबदल. प्रत्येक मुलाला तीनच कामं द्या: कडी असलेली चकती शोध, सांध्याची रेघ असलेली बाहुली शोध, आणि घरात आजही वापरतो अशी एक वस्तू शोध. तिसऱ्या कामावर सर्वाधिक भांडणं होतात, म्हणजे काम बरोबर दिलं आहे.

पायरी ९: ऊन उतरल्यावर टेकाड आणि नदी

चारच्या सुमाराला बाहेर पडा. गोरोबाकाकांच्या समाधिमंदिराकडे आणि तेरणेच्या काठाकडे जा. गोरोबा कुंभार हे नामदेव-ज्ञानदेवांच्या काळातले, आणि थापटण्यानं संतांची डोकी ‘कच्चं की पक्कं’ तपासण्याची कथा त्यांचीच. दोन हजार वर्षांपूर्वीच्या मातीकामानं भरलेल्या गावाला संतही कुंभारच लाभावा, हा योगायोग छान आहे, त्यातून इतिहास मात्र काढू नये.

टेकाडावर घरं आणि शेतं आहेत, तेव्हा मालकाला विचारून पाऊल टाका. माती खणून नेल्यानं किंवा पाण्यानं कापल्यानं जिथे उभा काप पडला असेल तिथे थांबा. लांबून, कापाखाली न जाता बघा; अशा भिंती अचानक ढासळतात. राखेची करडी रेघ, विटांची ओळ, मध्येच वाटीसारखा खाली उतरलेला वेगळ्या रंगाचा खड्डा असं दिसू लागेल. वरचं नंतरचं, खालचं आधीचं. खड्डा मात्र फसवतो: वरच्या काळातल्या माणसानं खोल खणला असेल तर नवी वस्तू जुन्या थराच्या पातळीला जाऊन बसते. दुपारी आत पाहिलेल्या मण्याचा थर का महत्त्वाचा, ते या कापासमोर दोन मिनिटांत समजतं.

पायाखाली खापरं असतील. बघा, हवं तर फोटो घ्या, पण उचलून खिशात टाकू नका, आणि एखाद्या पोरानं मणी किंवा नाणं विकायला आणलं तर घेऊ नका. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू पुरावशेषांत येतात आणि त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. जमिनीत गाडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचं बंधन १८७८ च्या कायद्यापासून आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, विकत घेतलेला प्रत्येक मणी उद्या आणखी एक खड्डा खणायला लावतो.

तुमच्या घरीच जुनी पोथी, ताम्रपट, नाण्यांचं गाडगं असा काही ठेवा असेल आणि तो संग्रहालयाला द्यायचा विचार असेल, तर त्याच दिवशी पिशवीतून काढून टेबलावर ठेवू नका. आधी वस्तूचे फोटो, माप, ती घरात कशी आली याची माहिती लिहून अर्जासोबत द्या. वस्तू मागितली की सहीशिक्क्याची पोच घ्या आणि तिच्यावर वस्तूचं वर्णन नीट लिहिलंय का बघा: ‘जुनी नाणी, एक गाडगं’ नव्हे, तर किती, कोणत्या धातूची, किती वजनाची. नाणी देण्याआधी घासून चकचकीत करू नका. चिंच-राखेनं घासलेल्या नाण्यावरची अक्षरं परत येत नाहीत.

पुढे कुठे

दुसरा दिवस असेल तर धाराशिवजवळच्या बालाघाटातल्या लेण्यांना जा. नंतर कधी पैठणला शासकीय संग्रहालय आणि कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयातल्या, तिथल्याच ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेल्या वस्तू पाहा. ब्रह्मपुरीत समुद्रदेव पोसायडनची काशाची मूर्ती मिळाली होती. ती खरोखर तिकडून आलेली वस्तू. तेरची मातीची चकती आणि ती मूर्ती अशी जोडी वहीत समोरासमोर काढून ठेवली की आयात आणि नक्कल यांतला फरक पुन्हा कुणी समजावून सांगायला लागत नाही.